डायलिसिसची वेळ येण्याआधी



संघटनेच्या कार्यालयात रोज जे अर्ज येतात त्यांत बदलीचे असतात, क्वार्टरचे असतात, थकबाकीचे असतात. अलीकडे त्यांत आणखी एका जातीच्या अर्जांची भर पडली आहे. वरवर पाहिले तर विषय रजेचा असतो. रजा शिल्लक नाही, महिना बिनपगारी गेला, कृपा करून मार्ग काढावा. सोबतचा डॉक्टरी कागद उलगडला की खरे दुखणे दिसते. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. हकीकतही बहुतेक एकच. माणसाला धाप लागली म्हणून रात्री हॉस्पिटलात नेले, तातडीने मानेत नळी घातली आणि सकाळपर्यंत तो मशीनवर होता. कोणते डायलिसिस हवे, कुठे सोयीचे पडेल, घरी कोण आहे, हे त्याला कोणी विचारले नाही. विचारायला वेळच उरला नव्हता.

हा वेळ का उरत नाही आणि तो कसा राखता येईल, याविषयी आज लिहायचे आहे. आम्ही मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो, डॉक्टर नाही. औषध सांगणे आमचे काम नव्हे. पण कामगाराने कोणता प्रश्न कोणत्या वेळी विचारायचा, हे सांगणे संघटनेचेच काम आहे.

आपल्या चळवळीला हा आजार अनोळखी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत जयप्रकाश नारायण अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते, आणि त्याच काळात पोस्टमन व खालच्या श्रेणीतील टपाल कर्मचाऱ्यांच्या युनियनचेही अध्यक्ष होते. आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलात आणले, तेव्हा किडन्या निकामी झाल्याचे निदान झाले आणि डायलिसिस सुरू झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे जवळपास चार वर्षे ते डायलिसिसवर होते, आणि १९७७ ची निवडणूक याच चार वर्षांत झाली. तेव्हा डायलिसिस म्हणजे सगळे संपले असे जे म्हणतात, त्यांना एवढे एक उदाहरण पुरे. मात्र त्या काळी हा उपचार देशात मोजक्या हॉस्पिटलांत होता. जे.पीं.च्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. साध्या गँगमनसाठी ती कोण काढणार होते?

परदेशातही सुरुवातीला हेच होते. अमेरिकेत सिएटल शहरात १९६०च्या सुमारास दीर्घकाळ चालणारे डायलिसिस प्रथम शक्य झाले. मशिने थोडी, रोगी पुष्कळ. मग कोणाला मशीन द्यायचे हे ठरवायला सात जणांची एक समिती नेमली. त्या सातांत एक धर्मोपदेशक, एक वकील, एक गृहिणी आणि एक कामगार पुढारीही होता. कोण जगणार हे बैठकीत हात वर करून ठरवायचे! तो कामगार पुढारी रात्री कसा झोपत असेल, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. आज तशी समिती कुठे नाही. पण लांबचे अंतर, ड्युटीचे रोस्टर आणि नोकरी जाण्याची भीती मिळून तीच निवड करीत असतात, आणि त्यांच्यापुढे अर्जही करता येत नाही.

आता आजाराकडे वळू. किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातले बहुतेक परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. शिवाय रक्तदाब राखणे, रक्त तयार होण्यासाठी लागणारे द्रव्य बनवणे, हाडे नीट ठेवणे हीही त्यांचीच कामे. त्या किती टक्के काम करतात याचा अंदाज क्रिएटिनिनच्या तपासणीवरून काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. हा आकडा ३० च्या खाली गेला की चौथा टप्पा आणि १५ च्या खाली गेला की पाचवा. गंमत अशी की चौथ्या टप्प्यातसुद्धा माणूस चालतो, बोलतो, ड्युटी करतो. थोडा थकवा, पायाला थोडी सूज. उन्हातले काम आहे, वय झाले आहे, असे म्हणून तो सोडून देतो. या धंद्यात थकवा हे लक्षण कोण धरणार?

कारणांत मधुमेह आणि रक्तदाब ही दोन सर्वांत मोठी. रात्रपाळी, अवेळी खाणे आणि रनिंग रूममधले जेवण यांनी या दोघांना मदतच होते. त्याखेरीज दोन गोष्टींकडे आम्ही मुद्दाम बोट दाखवतो. पहिली म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. स्लीपर उचलून कंबर धरली, बॅगा वाहून खांदा धरला, की औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा तशीच गोळी आणायची आणि वर्षानुवर्षे घेत राहायची. ज्याची किडनी आधीच कमजोर आहे त्याला ती फार महागात पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ऊन आणि पाणी. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम नावाचा भाग आहे. हावडा-चेन्नई मार्गावर पलासा स्टेशन माहीत असलेल्यांना तो कळेल. तिथे मधुमेह नसलेल्या शेतकरी-मजुरांतही किडनीचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याचे नक्की कारण अजून निश्चित झालेले नाही, पण उन्हातले कष्ट आणि पाणी कमी पडणे यांच्यावर संशोधकांचा संशय आहे. भर उन्हात ट्रॅकवर काम करणाऱ्या गँगला पिण्याचे पाणी मिळाले पाहिजे, ही मागणी आम्ही जुन्या काळापासून करतो ती उगीच नाही.

मग चौथ्या टप्प्यात माणूस गप्प का बसतो? अज्ञान हे एक कारण. पण रेल्वेत मोठे कारण भीतीचे आहे. लोको पायलटला, गार्डला, पॉइंट्समनला वाटते की दुखणे सांगितले की मेडिकल डिकॅटेगराईज होऊ आणि मग कुठेतरी स्टूल टाकून बसवतील. म्हणून बाहेरच्या बाहेर खासगी डॉक्टर, पीएमईच्या आधी दोन दिवस पथ्य, आणि कागद घरातल्या पेटीत. येथे आम्ही स्पष्ट बोलतो. ज्याच्या रक्तात विष साठत आहे आणि ज्याला गुंगी येते, त्याने इंजिनवर बसणे हा त्याच्याच नव्हे तर हजार प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि भीतीही वाटते तेवढी खरी नाही. रेल्वेच्या आस्थापना नियमावलीच्या पहिल्या खंडात तेरावे प्रकरण याच विषयावर आहे. डिकॅटेगराईज झालेल्या कर्मचाऱ्याला पर्यायी जागा द्यायची, जागा मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे, पगाराला संरक्षण द्यायचे, असे त्यात आहे. रनिंग स्टाफचा पगार ठरवताना मूळ पगारात त्याचे ३० टक्के मिळवून धरतात. किलोमीटरचे पैसे जातात, हे खरे आहे आणि ते लहान नुकसान नाही. पण लपवल्यावर शेवटी तेही जातात आणि वर मानेत नळी येते.

टपालातल्या साथींची अडचण वेगळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमाने सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही. पण त्या कायद्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही. म्हणून डायलिसिसवरच्या पोस्टमनला सायकलच्या बीटऐवजी टेबलाचे काम हवे असेल तर ते अजून साहेबाच्या मर्जीवर राहते. ही उणीव भरून काढावी लागेल.

आता निवडीचा भाग. वाचणाऱ्याने कागद-पेन्सिल घ्यावी, कारण यात हिशेब आहेत.

एक पर्याय रक्ताच्या डायलिसिसचा, ज्याला हिमोडायलिसिस म्हणतात. रक्त नळीने बाहेर काढायचे, कृत्रिम किडनीतून फिरवायचे, शुद्ध करून परत द्यायचे. एका वेळी शरीराबाहेर साधारण पाव लिटर रक्त असते, त्यामुळे ‘सगळे रक्त काढून घेतात’ ही समजूत चुकीची आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, हा नेहमीचा नियम. आपल्याकडे पैसे आणि अंतर यांमुळे पुष्कळ जण दोनदाच करतात. ते पुरेसे आहे की नाही, हे शिल्लक लघवीचे प्रमाण पाहून डॉक्टरनेच सांगायचे. आपण आपल्या मनाने एक पाळी गाळायची नाही. एका पाळीला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. म्हणून सेंटर पाहायला जाल तेव्हा त्यांचे पाण्याचे यंत्र आणि त्या पाण्याच्या तपासणीबद्दल अवश्य विचारा. नर्सला राग येईल, येऊ द्या.

आता रजेचा हिशेब करा. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ पाळ्या. डायलिसिस जर क्वार्टरजवळ असेल तर अर्धा दिवस जातो. पण रोडसाइड स्टेशनवर राहणाऱ्याला सकाळची पॅसेंजर धरून शहर गाठायचे आणि रात्री परतायचे, म्हणजे पूर्ण दिवस गेला. रेल्वेत आपल्याला वर्षाला ३० दिवस एलएपी आणि २० दिवस अर्धपगारी. १५६ पुढे हे किती पुरणार? त्यामुळे डायलिसिस सुरू होण्याआधीच बदलीचा अर्ज, रोस्टरचा विचार आणि रात्रपाळीच्या सेंटरची चौकशी झाली पाहिजे. काही ठिकाणी संध्याकाळची पाळी असते. ती मिळाली तर माणूस दिवसा काम करू शकतो. पण तशी जागा पकडायला आधी नाव नोंदवावे लागते.

या प्रकारात रक्त काढायची वाट कोणती, यावर सगळे अवलंबून असते. सर्वांत चांगली वाट म्हणजे फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशनने जोडतात, मग शीर फुगते, जाड होते आणि तिच्यात सुया टोचता येतात. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याइतकी टिकाऊ दुसरी वाट नाही. पण ती तयार व्हायला दीड ते तीन महिने लागतात. म्हणून सांगतो, वेळ राखा. मानेतली तात्पुरती नळी लगेच वापरता येते, पण तिच्यातून जंतू थेट रक्तात जातात आणि थंडी-ताप घेऊन कितीतरी जण पुन्हा दाखल होतात.

त्यासाठी आजच करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. ज्याचा ईजीएफआर ३० च्या खाली आहे त्याने आपला कमी वापराचा हात, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा हात, राखून ठेवावा. त्या हातातून रक्त काढू द्यायचे नाही, सलाईन लावू द्यायचे नाही. हॉस्पिटलात कोणीही कोपरापाशी सुई घेऊन आला तर हाताचा मागचा पंजा किंवा दुसरा हात पुढे करावा. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर घट्ट घड्याळ नको, बॅगेचा पट्टा नको, त्या हाताने रक्तदाब मोजणे नको, जड ओझे नको. रोज सकाळी बोटे ठेवून पाहायचे. गाडी येण्याआधी रुळाला जशी थरथर लागते तशी थरथर तिथे लागते. ती बंद झाली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचे.

दुसरा पर्याय पोटाच्या डायलिसिसचा. याची माहिती आपल्या लोकांना फारच थोडी दिली जाते, आणि आम्हाला त्याचाच राग आहे. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, तोच गाळणीचे काम करतो. पोटात एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचे, काही तास ठेवायचे, मग काढून टाकून नवे भरायचे. दिवसात तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास-पाऊण तास. हे घरी करायचे, मशीन लागत नाही, सुई नाही. दुसऱ्या प्रकारात रात्री झोपेत आठ-दहा तास एक छोटे यंत्र हे काम करते आणि दिवस मोकळा राहतो. आयुष्यमानाच्या दृष्टीने पोटाचे डायलिसिस रक्ताच्या डायलिसिसपेक्षा एकंदरीत कमी प्रतीचे नाही. मग निवड कशावर करायची? घर, काम आणि माणसे यांवर.

त्याचेही हिशेब आहेत. रोज चार पिशव्या म्हणजे महिन्याला १२०, म्हणजे २४० लिटर पाणी. एका खोलीच्या टाईप-१ क्वार्टरमध्ये एवढी खोकी ठेवायची कुठे? हात धुवायला वाहते पाणी हवे, दार लावून घेता येईल असा धूळ नसलेला कोपरा हवा. स्वच्छता चुकली तर पोटात जंतू शिरतात. बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले, पोट दुखले, ताप आला तर ती पिशवी बरोबर घेऊन ताबडतोब जायचे. त्या पाण्यात साखर असते, म्हणून मधुमेह्याला इन्शुलिनचा बदल करावा लागतो. आणि पोटात दोन लिटर घेऊन रूळ उचलता येणार नाही, हर्नियाची भीती असते. म्हणून ट्रॅकमनला यासाठी हलके काम मिळालेच पाहिजे. उलट बुकिंग क्लार्क, सॉर्टर, लांबच्या शाखा डाकघरातला माणूस, शहरापासून शंभर किलोमीटरवरचा स्टेशन मास्तर यांना हा प्रकार मानवतो. आठवड्याला तीन फेऱ्या वाचतात. नळी बसवल्यावर साधारण दोन आठवडे थांबून सुरुवात करतात, म्हणजे इथेही आधी ठरवावे लागतेच.

आमचे म्हणणे असे नाही की सर्वांनी पोटाचेच घ्यावे. ज्याच्या पोटावर आधी मोठी ऑपरेशने झाली आहेत, ज्याची नजर गेली आहे आणि घरी मदतीला कोणी नाही, त्याला मशीनच बरे. काहींना घरात आजाराचे खोके दिसलेलेच नको असते, तेही समजण्यासारखे आहे. आमचे म्हणणे एवढेच की दोन्ही सांगितले गेले पाहिजेत. ‘माझ्यासाठी पोटाचे डायलिसिस का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक साथीने एकदा तरी विचारावा.

तिसरा पर्याय किडनी बदलण्याचा. ज्याच्या शरीराला तो झेपतो त्याच्यासाठी सर्वांत चांगला हाच, आणि डायलिसिस सुरू होण्याच्या आधीसुद्धा तो करता येतो. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यात आली. घरात देणारे कोणी नसेल तर मृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवायचे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने दोन अटी काढण्याचे ठरवले. एक, राज्याच्या रहिवासाची आणि दुसरी, ६५ वर्षांच्या वयोमर्यादेची. बिलासपूर, सिकंदराबाद, रतलाम, खडगपूर अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी साथींना पहिल्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मंजूर झाली. भाऊ टपालात, बहीण आयकर खात्यात असेल आणि किडनी देणार असेल तर ही रजा मागून घ्यावी. रेल्वेतल्यांनी पर्सोनेल ब्रँचकडून याविषयीचे रेल्वे बोर्डाचे आदेश मागवून मगच अर्ज करावा, म्हणजे फेटाळला जाणार नाही. आणि एक जपायचे. किडनी बदलण्याचा विचार असेल तर उगीच रक्त चढवून घेऊ नये, त्याने पुढे जुळणारी किडनी मिळणे अवघड होते. रक्त वाढवण्याची इंजेक्शने असतात.

चौथी वाट बोलायला जड जाते. खूप वय झालेले, हृदय थकलेले, अंथरुणाला खिळलेले आपले निवृत्त साथी असतात. त्यांच्या बाबतीत डायलिसिसने आयुष्य फारसे वाढेलच असे नाही, आणि उरलेले दिवस सुया आणि रिक्षांत जातात. औषधांनी त्रास कमी करत, घरच्या माणसांत राहायचे, हाही वैद्यकशास्त्राने मान्य केलेला पर्याय आहे. म्हाताऱ्याला विचारावे. मुलांनी आपसांत ठरवून टाकू नये, आणि शेजारच्यांनी ‘बापाला उपचार दिले नाहीत’ असे बोलू नये.

काही समजुती इथेच निकालात काढू. ‘डायलिसिसची सवय लागते, म्हणून करू नका,’ असे गावाकडे सर्रास म्हणतात. सवय दारूची लागते. ज्याच्या किडन्या कायमच्या गेल्या त्याला डायलिसिस थांबवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पावसाळ्यात लेप्टो झाला, ट्रॅकवर साप चावला आणि किडनी अचानक बंद पडली, तर थोड्या आठवड्यांच्या डायलिसिसने ती अनेकदा पुन्हा चालू होते आणि मशीन सुटते. तिथे ‘सवय’ म्हणून नकार देणारा माणूस जीव गमावतो. उलट टोकही आहे. क्रिएटिनिनचा आकडा वाढला म्हणून लगेच मशीनवर घ्या, असे सांगणारेही भेटतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, नुसत्या आकड्यावरून लवकर सुरू करण्याचा फायदा होत नाही. धाप, न उतरणारी सूज, सततची ओकारी, गुंगी, रक्तात वाढलेले पोटॅशियम, हे पाहून नेफ्रॉलॉजिस्ट वेळ ठरवतो. तयारी लवकर, सुरुवात वेळेवर.

भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत आहे. या रोग्याला ते नेऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते हृदय बंद पाडू शकते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठही तसलेच. बाजारातली भस्मे आणि किडनी साफ करणारे काढे यांवर आपल्या लोकांचे किती पैसे गेले याचा हिशेब नाही. आणि चौथ्या टप्प्यातच कावीळ-बी ची लस घ्यावी. उशीर झाला की ती नीट लागू पडत नाही.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. रेल्वेतल्या साथीला आणि आरईएलएचएस घेतलेल्या निवृत्ताला उमीद कार्डावर रेल्वे हॉस्पिटल किंवा तिथून रेफर केलेले हॉस्पिटल मिळते. रेफरलची मुदत संपण्याआधी नवे पत्र घ्या, शेवटच्या दिवशी धावाधाव नको. टपालात मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत सीजीएचएस आहे. इतरत्र नोकरीत असणाऱ्याला १९४४ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे परतफेड मिळते, पण ते नियम निवृत्तांना लागू नाहीत. सीजीएचएसच्या बाहेरच्या गावी राहणाऱ्या निवृत्ताला महिन्याचा ठरावीक वैद्यकीय भत्ता आहे. तो २०१७ मध्ये ५०० चा १००० रुपये झाला. डायलिसिसवाल्याने त्यात काय भागवायचे? अशा निवृत्ताने सीजीएचएस कार्ड काढून घेणेच बरे. ग्रामीण डाक सेवक नियमित कर्मचारी धरले जात नाहीत, म्हणून त्यांना हेही नाही. दारिद्र्यरेषेखालील रोग्यांसाठी २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत मशिने आली. आयुष्मान भारत आणि महाराष्ट्रातली महात्मा फुले योजना याही आहेत. डाक सेवकांनी आणि ठेकेदाराकडच्या कामगारांनी तिथे चौकशी करावी, ठेक्यावरच्यांनी ईएसआय कार्डही पाहावे. आणखी एक सवलत टपालवाल्यांना ठाऊक नसते. डायलिसिससाठी किंवा किडनी बदलण्यासाठी जाणाऱ्या रोग्याला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे तिकिटात सूट आहे. सेकंड, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, सेकंड एसी व फर्स्ट एसीला ५० टक्के. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. डायलिसिसवरच्या कर्मचाऱ्याचे रोस्टर त्याच्या पाळ्यांना जोडून द्यावे आणि साप्ताहिक सुट्टी त्यातल्या एका दिवशी धरावी. डायलिसिसच्या दिवसांसाठी वेगळी विशेष रजा असावी. सेंटर असलेल्या शहरात बदली मागितली तर ती महिन्याच्या आत व्हावी. पोटाचे डायलिसिस करणाऱ्याला पिशव्या घरपोच मिळाव्यात, आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनवर, हेड पोस्ट ऑफिसात, आरएमएसमध्ये दुपारची पिशवी बदलण्यासाठी दार, दिवा आणि बेसिन असलेली एक छोटी खोली असावी. साहेबांच्या विश्रांतीला खोल्या निघतात, ही निघायला अडचण नसावी. रेल्वेच्या पीएमईत आणि टपालात वयाच्या चाळिशीनंतर क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासले जावे, आणि त्याचा कागद कर्मचाऱ्याच्या हातात मिळावा.

शाखा सचिवांनी पुढच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेत हे मुद्दे घालावेत, टपालातल्या साथींनी आपल्या द्वैमासिक बैठकीत. आपल्या शाखेत किती जण डायलिसिसवर आहेत, कोणत्या प्रकारचे, सेंटर किती किलोमीटरवर आणि पाळी किती वाजता, एवढी चार गोष्टींची यादी आम्हाला पाठवावी. नावे लिहू नयेत, पदनाम आणि स्टेशन पुरे.